त्या आठवड्याची चटणी

मंगळवारी तो गेला. मला शनिवारी कळलं. मधल्या दिवसांत माझे बी.एड.चे पेपर होते.

तो सोमालियात होता, शांतिसेनेच्या तुकडीत. आमचं गाव सांगलीपासून तासाभराच्या अंतरावर, कृष्णेच्या काठी. गावात घरटी एकजण फौजेत, त्यामुळे तारेची भीती सगळ्यांच्या ओळखीची होती आणि तारेची एक रीतही ठरून गेली होती. पलटणीकडून आलेली तार पोस्टमन कधी थेट घरी नेत नसे. तो आधी तालमीच्या कट्ट्यावर जाई. तिथे पेन्शनीत निघालेले फौजी बसलेले असत. त्यांतला कुणी ती वाचायचा आणि त्या घरच्या कर्त्या पुरुषाला बोलावून घ्यायचा. घरातल्या बायकांना मात्र माणूस दारात आणेपर्यंत काही सांगायचं नाही. एकदाच काय ते रडू द्यावं, दोनदा नको, असं म्हणत.

बुधवारी दुपारी तार आली तेव्हा मी सांगलीला पेपर लिहीत होते. तालमीतून माझ्या सासऱ्यांना बोलावणं गेलं. त्यांनी तार ऐकली आणि रीत थोडी बदलली. माझ्या सासूबाईंना त्याच दुपारी सांगितलं, कारण मला जेवू घालायला, पहाटे उठवायला आणि डबा भरून द्यायला घरात कुणीतरी बाईमाणूस लागणार होतं. मला सांगायचं नाही असं ठरलं. माझे तीन पेपर राहिले होते. गावाने ते पाळलं.

तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणत असे. इथे 'तो' लिहिते आहे, कारण तो सव्विशीतच राहिला आणि मी पन्नाशी ओलांडून पुढे आले. माझ्या हाताखालून शिकून गेलेल्या कित्येक मुलांपेक्षा आता तो लहान आहे.

माझं माहेर रहिमतपूरचं. वडील शिक्षक होते. आमच्या घरी पाहुणा आला तर बसायला जागा करण्यासाठी आधी पुस्तकं उचलावी लागत. मी साताऱ्याला बी.ए. केलं आणि फौजीशी लग्न ठरलं, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या की तुझं त्याच्याशी काय जमणार. तो दहावीला गणितात अडकला होता आणि भरतीच्या मैदानावर धावून सुटला होता. पण जमलं. त्याला माझ्या पुस्तकांचं भय वाटत नसे. एखादं उचलायचा, मधूनच उघडून एक पान वाचायचा, आणि विचारायचा, "ही बाई येवढी का रडतीया? कुणाला पत्ता तरी इचारायचा की." मी मागची गोष्ट सांगायचे. तो ऐकता ऐकता झोपून जायचा.

लग्नानंतर त्याच्या दोन सुट्ट्या झाल्या. तेवढाच आमचा संसार.

बी.एड.चा आग्रह त्याचाच. दुसऱ्या सुट्टीत तो आला तेव्हा माझा अभ्यास चालू होता. उसाला पाणी पाजून तो दुपारी घरी यायचा, पाय धुवायचा आणि माझी टिपणं हातात घेऊन खाटेवर मांडी घालून बसायचा. मी समोर उभं राहायचं, हा नियम.

"सवाल नंबर एक! अध्ययनाचे नियम सांगा. जोर से!"

"हळू बोला. मामा बाहेर बसलेत."

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या. मामाही फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले.

"ऐकू दे की त्यास्नी. त्यास्नी तरी कुटं ठाऊक हायत अध्ययनाचे नियम?"

ओसरीवरून मामांचा आवाज आला, "मला येकच नियम ठाऊक हाय. चुकलं की पाठीत रट्टा."

"बघा मास्तरीणबाई. हवालदारसायबांचा नियम. आता तुमचे बोला."

मी सांगायचे: तयारीचा नियम, सरावाचा नियम, परिणामाचा नियम. तो टिपणातल्या ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द तपासायचा. एखादा शब्द गळला तर टिपणं बाजूला ठेवून म्हणायचा, "सजा. येक कप चा."

निघायच्या आदल्या दिवशी आत्या भाकरी थापत होत्या. तो चुलीपाशी बसून हिरवी मिरची मिठाला लावून खात होता. ती त्याची लहानपणापासूनची खोड.

"तितं लढाई हाय का रं?" आत्यांनी विचारलं.

"लढाई कुठली? बंदोबस्त. भांडणारी दोगं, आमी मदी काठी आडवी धरून हुबं."

"मदी पडणाऱ्यालाच लागतं, बाबा."

"आई, तितं आटपाडीपरास कोरडं हाय म्हणं. माणसं भांडणार तरी कशावरनं?"

"पाण्यावरनं," मामा म्हणाले. तो दुसरी मिरची शोधू लागला.

बुधवारी संध्याकाळी मी एस.टी.ने परत आले तेव्हा परसातली चूल पेटलेली होती. आत्या लोखंडी कढईत मिरच्या भाजत होत्या. शेजारच्या काकू आणि गल्लीतल्या आणखी तिघीचौघी भोवती बसल्या होत्या. मिरच्यांचा ठसका पार रस्त्यापर्यंत आला होता. आमच्याकडे वर्षाची चटणी पाडव्याच्या सुमाराला होते. ती होऊन गेली होती. मीच बरण्यांच्या तोंडांना फडक्याचे दादरे बांधले होते.

"आत्या, चटणी झाली की आपली."

"कमी पडंल."

"दोन बरण्या भरल्यात."

"शाळा घिऊ नगं माजी. तुज्या म्हायेरी धाडायची हाय. जा, हातपाय धू."

पदराने नाक दाबून मी तिथेच उभी राहिले. सगळ्याजणी रडत होत्या. नाकं पुसत होत्या, खोकत होत्या, पुन्हा रडत होत्या. मला त्यांची गंमत वाटली. मी म्हटलं, "काकू, एवढं रडायला काय झालं? मिरच्याच आहेत."

काकू म्हणाल्या, "ब्याडगी म्हणून घेतली आन लवंगी निगाली गं. त्या दुकानदाराचं मढं..." आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडात घातला. मला वाटलं, त्यांना ठसका लागला. मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणून दिलं.

गुरुवारी वर्तमानपत्र आलं नाही. "टाकणारं पोरगं आजारी हाय," मामा म्हणाले. ओसरीवरचा रेडिओ बंद होता. त्यातले सेल संपले होते, आणि एरवी सेल संपले तर त्याच दिवशी नवे आणणाऱ्या मामांना ते आणायला वेळ नव्हता. माझे धाकटे दीर कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम करायचे. रोज सहाला घरातून निघायचे. गुरुवारी सकाळी ते मोटरसायकल पुसत दारात उभे होते.

"चला वैनी. आज मी सोडतो."

"कारखाना बंद?"

"मशीन बिघाडलंया."

शुक्रवारीही ते तसेच उभे. मी म्हटलं, "भावजी, अजून बिघडलेलंच? मग तुम्ही काय करता तिथं?"

"लय बिघाडलंया, वैनी."

एरवी गाडीवर मोठ्याने गाणी म्हणणारा तो मुलगा सांगलीपर्यंत गप्प होता. मी पाठीमागे बसून मनात उत्तरं घोकत होते. मला ते बरंच वाटलं. परीक्षेच्या केंद्राबाहेर चिंचेचं झाड होतं. मी आत जाताना ते त्याखाली गाडी लावायचे आणि मी बाहेर आले की तिथेच असायचे. कुणी ओळखीचं माझ्याकडे येऊ लागलं की ते आधी पुढे व्हायचे. दुसऱ्या दिवशी एक पर्यवेक्षिका न मागता पाण्याचा पेला माझ्या बाकावर ठेवून गेल्या. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. सगळ्यांनाच ठेवत असतील, असं मला वाटलं.

गुरुवारचा पेपर शैक्षणिक मानसशास्त्राचा होता. प्रश्नपत्रिका उलटली आणि पहिलाच प्रश्न अध्ययनाच्या नियमांचा. मी हसले. बाकावर एकटी बसून हसले. त्याला सांगायचं म्हणून प्रश्नाचे शब्द जसेच्या तसे लक्षात ठेवले. उत्तर चांगलं लिहिलं. तयारी, सराव, परिणाम, क्रमाने, प्रत्येकाला उदाहरण देऊन. माझ्या आयुष्यातलं ते बहुधा सर्वांत नीट लिहिलेलं उत्तर असेल.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. परीक्षेला निघताना आत्या हातावर दही-साखर ठेवायच्या, ते नेहमीचंच. पण त्या दिवसांत त्या करंडा घेऊन उंबऱ्यापाशी यायच्या आणि माझ्या कपाळाला स्वतः कुंकू लावायच्या. मी लावलेलं असलं तरी त्यावर पुन्हा. बोट जरा जास्तच दाबायच्या. शुक्रवारी कुंकू नाकावर सांडलं तेव्हा मी म्हटलं, "आत्या, देवीला लावताय का मला?" त्या म्हणाल्या, "लाव म्हनलं तर लावून घ्यावं. हसतीस काय?" त्यांचे डोळे लाल होते. घरात मिरच्यांचा वास होताच.

शनिवारी शेवटचा पेपर झाला. भावजींनी गाडी हळू चालवली. वेशीपाशी मामा उभे होते. मागे, तालमीच्या कट्ट्यावर, म्हातारे फौजी उभे होते. ते कधी उभे नसायचे, बसलेले असायचे. भावजींनी गाडी थांबवली आणि तोंड दुसरीकडे केलं.

"पेपर कसा गेला?" मामांनी विचारलं.

"चांगला गेला, मामा."

"समदं लिवलंस?"

"सगळं."

"येकबी सवाल ऱ्हायला न्हाई?"

"नाही."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मग आता रड, पोरी. तुजा मालक गेला."

मी विचारलं, "कधी?"

"मंगळवारी."

मी लगेच रडले नाही. मी वार मोजले. मंगळवार, बुधवार, मिरच्या, गुरुवार, अध्ययनाचे नियम. मग घराच्या दिशेने मोठा आवाज आला. आत्या ओरडल्या होत्या. इतक्या लांब तो आवाज येऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. कुणीतरी पळत जाऊन त्यांना सांगितलं असावं की झालं, आता चालेल.

रविवारी लष्कराच्या गाडीतून त्याला पुण्याहून आणलं. नदीकाठी सगळं गाव होतं, आजूबाजूची गावंही होती. बिगूल वाजला, गोळ्या झाडल्या, झाडांवरचे बगळे उठून पलीकडच्या काठाला गेले. एका म्हाताऱ्याने मामांना विचारलं, "कुणासंगं लढाई व्हती, आबा?"

"लढाई न्हवं. राखणीला गेलता."

"कुणाच्या?"

मामांना ते सांगता आलं नाही. रस्त्यात गाड्यांवर गोळीबार झाला, एवढंच त्याच्याबरोबर आलेल्या सुभेदारांनी सांगितलं होतं. ज्यांनी गोळ्या झाडल्या ते कोण, त्यांचं कुणाशी वाकडं होतं, हे मी पुढे वाचून काढण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. थोडंफार कळलं. त्याने काही झालं नाही.

त्यानंतर मी मामांशी बोलणं सोडलं. ताट वाढायचे, पाणी ठेवायचे, बोलायचे नाही. त्याच्या जाण्याचं दुःख एका बाजूला होतं आणि त्या दिवसांचा राग दुसऱ्या. तो या जगात नव्हता आणि मी दही-साखर खात होते, बायकांची थट्टा करत होते, त्याला सांगायचे प्रश्न गोळा करत होते. ते दिवस माझे होते. ते मला न विचारता कुणी खर्च केले, असं मला वाटे.

निकाल लागला. पहिला वर्ग मिळाला. मामांनीच आसपासच्या गावांतल्या शाळांचे उंबरे झिजवले आणि वर्षाच्या आत मला पलीकडच्या गावच्या हायस्कुलात नोकरी लागली. पहिल्या दिवशी मी निघाले तेव्हा ते ओसरीवर होते. मान वर न करता ते बोलू लागले.

"माजी थोरली भन ठाऊक हाय न्हवं तुला? तिचा मालक बी पलटणीतलाच. ती सातवीच्या परीक्षेला बसली व्हती तवा तार आली. परीक्षा ऱ्हायली. पुन्यांदा बसंल म्हनलं, ती ऱ्हायली ती ऱ्हायलीच. जलमभर लोकाच्या उसात भांगलत मेली. तुजं तसं हुऊ द्याचं व्हतं व्हय?"

कितीतरी महिन्यांनी मी त्यांच्याशी बोलले. म्हणाले, "मला विचारायचं होतं, मामा."

"इचारलं असतं, तर बसली असतीस परीक्षेला?"

"नाही."

"मग?"

मी चपला घातल्या आणि शाळेत गेले.

पुढच्या पाडव्याच्या आधी, नवी चटणी करायची म्हणून मी बरण्या रिकाम्या करत होते. फडताळात मागे तिसरी बरणी सापडली. त्या आठवड्याची. माझ्या माहेरी ती कधी गेलीच नव्हती, आणि घरातही कुणी तिला हात लावला नव्हता. दादरा सोडला तर आत जाळी झाली होती. चटणीचे गोळे एकमेकांना चिकटले होते आणि त्यांत अळ्या वळवळत होत्या. चटणीत मीठ नीट पडलं तर ती वर्ष वर्ष टिकते. मी बोटाने थोडीशी जिभेला लावली. त्यात मीठच नव्हतं.

आत्या अशा होत्या की आमटीच्या नुसत्या वासावरून मीठ कमी की जास्त ते सांगायच्या. गल्लीतल्या बायका चटणी करताना मिठाचं माप त्यांना विचारायला येत. त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि बरणीत वाकून बघितलं.

"मीठ ऱ्हायलं व्हय," त्या म्हणाल्या.

बरणी उचलून त्यांनी परसात नेली, खड्ड्यात उलटी केली, आणि तिथेच खड्ड्याच्या काठावर बसून राहिल्या. पाठ माझ्याकडे होती. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ते दिवस फक्त माझे नव्हते. मला निदान माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं, आणि त्यांना पहाटे उठून माझ्यासाठी दही-साखर कालवायची होती. मुलगा गेलेल्या आईला मोठ्याने रडता यावं म्हणून गल्लीतल्या बायकांनी मिरच्यांची पोती सोडली होती, आणि तिथे मी जाऊन विचारलं होतं की एवढं रडायला काय झालं.

जाऊन शेजारी बसावं, असं मनात आलं. एस.टी.ची वेळ झाली होती. मी गेले.

मग पुष्कळ वर्षं गेली. चटणी भाजायचे दिवस आणि परीक्षांचे दिवस एकच. दर वर्षी आत्या परसात चूल पेटवायच्या, काकू यायच्या, ठसका उठायचा, सगळ्याजणी डोळे पुसायच्या. मी आत खोलीत दार लोटून उत्तरपत्रिका तपासत बसायचे. कुणी मला बोलावलं नाही. मास्तरीणबाईंचं काम चाललंय, असं म्हणायचे. मीही उठून गेले नाही. काम तर खरंच होतं.

मामा आधी गेले. आत्या शेवटी शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या. एका दुपारी मी त्यांना भरवत होते, तेव्हा त्यांनी एकाएकी विचारलं, "तुला त्या येळंला पेपरात काय इचारलं व्हतं गं?"

कोणत्या वेळेला, हे मला विचारावं लागलं नाही. म्हटलं, "अध्ययनाचे नियम."

"त्यो खाटंवर बसून इचारायचा, त्येच?"

"तेच."

"आन तू सांगितलंस समदे?"

"सगळे सांगितले, आत्या."

त्यांनी मान हलवली. "बरं केलंस," म्हणाल्या, आणि घास घेतला. बिनमिठाच्या बरणीबद्दल, परसातल्या चुलीबद्दल, कुंकवाबद्दल मला तेव्हा बोलता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांना खोकला लागला, मी पाणी दिलं, पाठ चोळली, आणि त्या झोपल्या. पुन्हा तशी दुपार आली नाही.

आता घरात भावजींचं कुटुंब आहे आणि मी आहे. नोकरीची थोडी वर्षं उरली आहेत. त्याचा फोटो पुढच्या खोलीत आहे. चटणी आता गिरणीवरून करून येते, परसात चूल राहिलेली नाही. ती तिसरी बरणी अजून आहे. मी तिच्यात खडेमीठ ठेवते.